खेळत्या मुलांचे नगर

(शास्त्रभाग : जखऱ्या ८:४, ५)



नाताळ जवळ आला म्हणजे आपल्या मंडळ्यांतून जे शास्त्रभाग वाचले जातात ते बहुधा ठरलेले असतात. यशयाचा नववा अध्याय, मीखाचा पाचवा, लूकाचा दुसरा. ते वाचावेत हे योग्यच आहे. आज मात्र आम्ही वाचकांस अशा एका भागाकडे नेऊ इच्छितो की, ज्याकडे ह्या दिवसांत सहसा कोणी वळत नाही. जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेच्या भावी सुखाचे एक चित्र आहे. त्या चित्रात राजवाडा नाही, सैन्य नाही, सोन्याची रास नाही. पुष्कळ वय झाल्यामुळे हाती काठी घेतलेले म्हातारे व म्हाताऱ्या चौकांत निवांत बसल्या आहेत, आणि त्याच नगराचे रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून गेले आहेत, एवढेच त्यात आहे. सेनाधीश परमेश्वर आपल्या नगरात परत येऊन राहील तेव्हा काय दिसेल, ह्या प्रश्नाचे संदेष्ट्याने दिलेले उत्तर हे आहे.

हे वचन ज्यांस मिळाले ते लोक सुखवस्तू होते असे कोणी समजू नये. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले ते थोडेसे लोक होते. दारयावेश राजाच्या दुसऱ्या ते चौथ्या वर्षाचा, म्हणजे ख्रिस्तपूर्व ५२० ते ५१८ ह्या सुमाराचा तो काळ. मंदिराचे बांधकाम पुरे व्हावयाचे होते, नगराचे कोट पडलेले होते. त्याच अध्यायाचे दहावे वचन पाहा. त्या दिवसांत माणसाला मजुरी नव्हती, जनावराच्या श्रमालाही मोल नव्हते, आणि जाण्यायेण्यात कोणाला शांती नव्हती, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ज्यांच्या हातांना मजुरी नाही त्यांना देवाने प्रथम काय दाखविले? खेळणारी मुले दाखविली. पिकाचे वचन त्यानंतर बाराव्या वचनात येते. हा क्रम आमच्या मनाला फार लागला आहे, व त्याविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

आपल्या वऱ्हाडातील डिसेंबर महिना कसा असतो हे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील वाचकांस सांगावयास नको. पऱ्हाटी पांढरी झालेली असते व वेचणीला माणूस मिळत नाही. मिळाले तर वेचणीचा दर आणि कापसाचा भाव ह्यांचा मेळ बसत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, तेव्हा बाहेरून भरलेली दिसणारी पऱ्हाटी हाती घेतल्यावर कशी निघाली हे पुष्कळांच्या स्मरणात आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आपले हे दोन्ही जिल्हे होते. ती मदत कशासाठी जाहीर करावी लागली हे येथे लिहिण्याची गरज नाही. ती दुःखे काही घरांच्या भिंतींवर अद्याप फोटोच्या रूपाने टांगलेली आहेत.

अशा घरात नाताळ येतो. आईबाप मुलांसमोर भावाची व कर्जाची गोष्ट काढीत नाहीत, आणि त्यामुळे मुलांस काही कळत नाही असे त्यांना वाटते. परंतु बाप अंगणात पाय ठेवतो तेव्हा त्याच्या पावलांच्या आवाजावरून आज त्याच्याजवळ जावे की जाऊ नये हे मूल ओळखते. सणाच्या आठवड्यात तर ते अधिकच बारकाईने ओळखते, कारण त्या दिवसांत त्याला काही हवे असते. त्याला हवे असते ते नवे कापडच असते असेही नाही. पुष्कळदा त्याला बापच हवा असतो.

आता कोणी म्हणेल, पाळकसाहेब, माल विकला जाऊ द्या, देणे फिटू द्या, मग मुलांबरोबर खेळू. त्या बंधूस आम्ही पुन्हा जखऱ्याचे ते पान दाखवितो. सगळे नीट झाल्यावर जी मौज करावयाची, तिचे नाव खेळ असे संदेष्ट्याने म्हटले नाही. कोट पडलेला असतानाच त्याने मुलांचा खेळ ही देवाच्या सान्निध्याची खूण म्हणून सांगितली. आणि कापसाच्या भावाची वाट पाहता पाहता मूल बारा वर्षांचे होते, त्यानंतर ते आपल्याशी खेळावयास येत नाही, हे तर व्यवहारातही दिसते.

दुसरेही एक मत आम्ही ऐकतो, तेही मंडळीच्या वडील माणसांकडून. पवित्र दिवसांत खेळ शोभत नाही, प्रार्थना व उपासना एवढेच असावे, असे ते म्हणतात. त्यांच्या भक्तीविषयी आम्हांस आदर आहे. तथापि त्यांनी मत्तयाचा अकरावा अध्याय काढून पाहावा. तेथे प्रभु येशू बाजारात बसलेल्या मुलांचा दृष्टांत देतो. ती मुले लग्नाचा खेळ खेळत आहेत व मर्तिकाचाही खेळ खेळत आहेत, आणि काही सोबती दोन्हींत सामील होत नाहीत म्हणून रुसली आहेत. मुलांचे खेळ ज्याने उभे राहून कधी पाहिले नाहीत त्याला असा दृष्टांत सुचणार नाही. आमच्या प्रभूने ते पाहिले होते, आणि नासरेथच्या गल्लीत तो स्वतःही खेळला असेल, असे मानण्यास आम्हांस काही हरकत वाटत नाही. जो देहधारी झाला तो एकदम तीस वर्षांचा होऊन आला नाही. तो मूल झाला, हेच तर ह्या सणाचे शुभवर्तमान आहे.

तेव्हा खेळ असावा. पण कसा व केव्हा? मिशनच्या शाळांतून व वसतिगृहांतून ह्या सणाला आठ-दहा दिवसांची सुटी मिळत असेल, परंतु खेड्यांतील पुष्कळ शाळांना फक्त २५ डिसेंबराचीच सुटी असते, आणि वेचणीला तर कसलीच सुटी नसते. म्हणून आपल्या लोकांचा सुटीचा काळ हा दिवसांचा नसून संध्याकाळचा आहे. २४ तारखेपासून १ जानेवारीपर्यंत नऊ संध्याकाळी होतात. ह्या नऊ संध्याकाळी दिवे लागल्यापासून जेवणापर्यंतचा एक तास घराचा मानावा, त्यात हिशेब काढू नये, भांडण काढू नये, आणि भ्रमणध्वनी कोनाड्यात ठेवावा, एवढेच आमचे मागणे आहे. ह्या ऋतूचाही विचार करावा. अकोल्याचा वैशाख कसा असतो ते आपण जाणतो, तेव्हा दुपारी मुलांस उंबऱ्याबाहेर काढता येत नाही. पावसाळ्यात काळी माती पायाला सोडीत नाही. अंगणात बसावे, धावावे, शेकावे असा ऋतू देवाने वऱ्हाडाला हाच एक दिला आहे.

ह्या तासात काय करावे असे तरुण आईबाप आम्हांस विचारतात, व आम्हांस त्याचे नवल वाटते, कारण त्यांच्याच आईबापांना हे विचारावे लागत नसे. पहिल्या दोन संध्याकाळी चांदणी करावी. बाजारातून तयार आणलेली प्लास्टिकची चांदणी दिसावयास सुबक असते, परंतु तिच्यात घरातील कोणाचाच हात नसतो. बांबूच्या दहा कामट्या, पतंगी कागदाचे चार ताव, सुतळी आणि पिठाची खळ एवढ्यावर चांदणी होते. पाच कामट्यांचा एक तारा बांधावयाचा, तसाच दुसरा, मग दोहोंची टोके जुळवून मधे आडव्या काड्या देऊन पोट फुगवावयाचे. कामट्या बापाने तासाव्यात, गाठी थोरल्याने माराव्यात, कागद मुलीने कापावा, आणि खळ लावण्याचे काम सर्वांत धाकट्याला द्यावे. तो ती कोपरापर्यंत माखून घेईल. त्याला रागावू नये. ती चांदणी एका बाजूला कलती टांगली गेली तरी चालेल. मागी लोकांनी पाहिलेला तारा कारखान्यात घडविलेला नव्हता.

त्यानंतर शेकोटी. पऱ्हाटीच्या काड्या प्रत्येक घरी असतात. त्या भरकन पेटतात व लवकर विझतात, म्हणून मधे एखादे बाभळीचे खोड ठेवावे. शेकोटीभोवती एक मोठी सोय आहे, ती ही की, तेथे सर्वांची तोंडे एकमेकांकडे असतात. दूरदर्शन संचासमोर बसलेल्या घराची तोंडे एकाच बाजूला असतात. मोर्शी-वरुडाकडील संत्री ह्या दिवसांत उतरलेली असतात. एक संत्रे सोलून सर्वांत फोडी वाटाव्यात, साल विस्तवात टाकावी, तिच्या तेलाने ठिणग्या उडतात त्या पाहून लहान मूल किती वेळ हसते ते मोजून पाहावे.

येथे जखऱ्याच्या चित्राचा दुसरा अर्धा भाग ध्यानात घ्यावा. त्या नगरात मुले खेळत आहेत व म्हातारी माणसे बसली आहेत, आणि ही दोन्ही एकाच नगरात एकमेकांच्या डोळ्यांसमोर आहेत. आपल्या घरांत म्हातारे आजोबा पडवीतील बाजेवर असतात व मुले आतल्या खोलीत. ती बाज शेकोटीजवळ आणावी. कोडी घालण्याचा मान आजीचा. चौथी-पाचवी शिकलेल्या नातवाला जी कोडी सुटत नाहीत अशी पन्नास कोडी निरक्षर आजीला ठाऊक असतात, आणि नातवाला हरविण्यात तिला जो आनंद होतो तो पाहण्याजोगा असतो. अष्टाचंग्याचा पट खडूने शहाबादी फरशीवर किंवा कोळशाने सारवलेल्या जमिनीवर काढता येतो, कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून चालतात. गजगे झेलण्यात आईला कोणी हरवू शकत नाही हे मुलांस ह्याच आठवड्यात कळावे. ख्रिस्तजन्माची कथाही ह्याच वेळी वाचावी, पण पाळकाप्रमाणे एकट्याने वाचू नये. एकाने मेंढपाळ व्हावे, एकाने खाणावळीचा मालक, धाकट्याने मेंढरू. मेंढराला बोलावयाचे काही नसते, पण त्याच्याशिवाय चालत नाही.

अंगणातील खेळांविषयी पुष्कळ लिहिता येईल. आपले देशी खेळ गावंढळ आहेत असे ज्या मुलांस वाटू लागले आहे, त्यांना अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट सांगावी. १९१४ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेच्या मंडळींनी १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. जे बर्लिनला चालले ते आपल्या अंगणात चालावयास हरकत नसावी. आणि लग्नानंतर काही काळ अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक ह्यांनी पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी ज्या बालवाड्या चालविल्या, त्यांत पाने, बिया, खडे, शिंपले हेच मुलांचे साहित्य होते. मुलाच्या बुद्धीला महाग वस्तू लागत नाही, हे त्या बाईंनी आयुष्य वेचून दाखविले आहे.

आता घरच्या मायबहिणीविषयी. हा तास तिचाही असला पाहिजे, नाहीतर आम्ही लिहिले ते सर्व व्यर्थ. सकाळी सातपासून ओटीत कापूस वेचणारी बाई संध्याकाळी घरी येते, आणि नाताळ म्हणून करंज्या, चकल्या, अनारसे, शेव, लाडू हे सर्व तिनेच रात्री जागून करावे अशी घराची अपेक्षा असते. मग २५ तारखेच्या उपासनेत ती भिंतीला टेकून झोपते, व आम्ही व्यासपीठावरून ते पाहतो. मार्थेची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या गोष्टीचा उपदेश आजवर मार्थेलाच पुष्कळ झाला. घरातील पुरुषांस व मुलग्यांस तो कोणी केला नाही, तो आम्ही आज करतो. फराळाचे दोनच जिन्नस करावेत, आणि एका संध्याकाळी ते सर्वांनी मिळून करावेत. पुरुषांनी लाटावे, मुलांनी सारण भरावे. पुरुषांच्या हातच्या करंज्या तेलात फुटतील. फुटोत. फुटलेली करंजीही गोडच लागते, आणि त्या करंजीची थट्टा घरात पुढे दहा नाताळ चालेल.

खर्चाविषयी आम्हांस स्वतः फार सांगावयाचे नाही, कारण आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाने ते आमच्यापेक्षा चांगले सांगून ठेवले आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगे महाराज आपल्या धर्माचे नव्हते, परंतु ऋण काढून सण करू नये, तो पैसा लेकरांच्या शिक्षणाला लावावा, हे त्यांनी हाती खराटा घेऊन गावोगाव सांगितले. अमरावतीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले, म्हणजे त्यांची पुण्यतिथी नाताळाच्या पाचच दिवस अगोदर येते. ज्या आठवड्यात सारा जिल्हा त्यांचे स्मरण करतो, त्याच आठवड्यात आपल्यापैकी कोणी मुलांच्या बुटांसाठी सावकाराच्या पायऱ्या चढतो, हे शोभणारे नाही. गोठ्यात जन्मलेल्या प्रभूच्या सणाला नवे बूट लागत नाहीत. मुलाला हे कडवटपणे सांगितले तर ते रडेल. त्याच्याबरोबर चांदणी करता करता सांगितले तर बहुधा ते ऐकून घेईल.

गाणी गात घरोघर फिरण्याची चाल चांगली आहे, ती सोडू नये. पण तिच्यात ध्वनिवर्धक आला तेव्हापासून लहान मुले व म्हातारी माणसे तिच्यातून बाहेर पडली आहेत. २००० सालच्या सरकारी नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, व तो नियम आमच्या मते मुलांच्या झोपेवर झालेला मोठा उपकार आहे. मराठीतही आपण जे 'शांत रात्र' गीत गातो, ते २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रिया देशातील ओबर्नडॉर्फ गावी प्रथम म्हटले गेले. योसेफ मोर हे तरुण धर्मगुरू व फ्रान्झ ग्रूबर हे शाळामास्तर, असे गाणारे मुख्य दोघे, आणि वाद्य म्हणजे एक गितार. आपल्याजवळ टाळ आहे, ढोलकी आहे, पेटी आहे. संध्याकाळी सातला निघावे, मुलांस पुढे घालावे, नऊला घरी यावे.

आणि ह्या फेरीत एक घर चुकवू नये. ज्या घरी ह्या वर्षी मृत्यू आला, त्या घरासमोरून गाणी न म्हणता मुकाट्याने पुढे जाण्याची काही ठिकाणी रीत आहे. ती मायेपोटी पडली असेल, परंतु त्या घरातील मुले दाराआडून ऐकत असतात. त्या घरी मोठ्यांनी जाऊन बसावे, एक हलके गीत म्हणावे, प्रार्थना करावी, आणि निघताना त्या बहिणीची परवानगी घेऊन तिच्या मुलांस आपल्या मुलांबरोबर न्यावे. ज्यांचा बाप गेला त्या मुलांनी हसू नये असे शास्त्रात कोठे लिहिलेले आम्हांस आढळले नाही. त्यांना आपल्या चांदणीची खळ लावू द्यावी, आपल्या शेकोटीजवळ बसवावे. शेजारच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांची मुले आली तर त्यांनाही जागा करावी. जखऱ्याने रस्त्यांत खेळणाऱ्या मुलांची जात लिहिलेली नाही.

पुण्या-मुंबईहून बडनेऱ्याला व अकोल्याला उतरणारे जे तरुण ह्या दिवसांत गावी येतात, त्यांना एकच विनंती. तुमच्या पिशवीतील वस्तूंची वाट धाकटी भावंडे पाहत नाहीत असे नाही, पण तुम्ही विटीदांडूत पूर्वी किती लांब टोला मारीत होता ही कीर्ती त्यांनी आईकडून ऐकलेली आहे. ती खरी की खोटी हे त्यांना पाहावयाचे आहे.

३१ तारखेच्या रात्रीच्या उपासनेत लहान मुले सतरंजीवर झोपतात. त्यांना हलवून उठवू नये, वर एक गोधडी टाकावी. १ जानेवारीच्या उपासनेनंतर जेथे प्रीतिभोजन असते, तेथे ते शक्य तर मंडळीतील एखाद्या भावाच्या वावरात करावे. गोवऱ्यांवर रोडगे भाजावेत, वांग्याची भाजी करावी. ज्वारी आता थोड्याच धुऱ्यांवर दिसते, म्हणून हुरडा न मिळाला तर तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडाव्यात. आट्यापाट्यांची पाटी आखून पहिली पाटी मंडळीच्या पंचांनी धरावी व मुलांनी त्यांना चुकवून जावे. बैलगाडी पुष्कळ गावांत उरलेली नाही, तेव्हा ज्यांना चालवत नाही अशा आजोबा-आजींस मोटारसायकलवर जपून मागे बसवून आणावे, आणि त्यांच्यासाठी दोन बाजा सकाळीच वावरात नेऊन, जेथून खेळ नीट दिसेल अशा ठिकाणी, निंबाच्या सावलीत टाकून ठेवाव्यात.